पैसे आले, पण कोणाचे?

आठवडी बाजारात अनोळखी माणसाकडून वस्तू घेताना कोणी कोणाची ओळख विचारत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. एका हाताने नोट दिली जाते, दुसऱ्या हाताने माल घेतला जातो आणि सौदा तिथेच संपतो. रोखीचा खरा अर्थ हाच आहे: देणे-घेणे एकाच क्षणी पुरे होणे आणि नंतर कोणाचा कोणावर हक्क न उरणे. मोबाइलवरून पैसे पाठवायची सवय झाल्यापासून खात्यात आलेली रक्कम आपल्याला रोखीसारखीच वाटू लागली आहे. घंटी वाजली, शिल्लक वाढली, म्हणजे पैसे मिळाले असे आपण धरून चालतो. रोजच्या भाजीपाल्याला आणि रिक्षाभाड्याला हे गृहीतक चालते. मात्र अनोळखी माणसाला क्रिप्टो विकताना किंवा ऑनलाइन बाजारात जुना फोन, कॅमेरा, लॅपटॉप देताना तेच गृहीतक महागात पडते. पीटूपी, म्हणजे व्यक्ती-व्यक्तींमधल्या थेट व्यवहारातल्या बहुतेक फसवणुकी विक्रेत्याच्या एका चुकीच्या प्रश्नावर उभ्या असतात. तो विचारतो, ‘पैसे आले का?’ त्याने विचारायला हवे, ‘कोणाचे आले?’

या प्रश्नाला इतके वजन का, हे समजण्यासाठी सौद्याच्या दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. क्रिप्टोच्या पीटूपी बाजारात आपल्याकडे सर्वाधिक चालणारे नाणे म्हणजे यूएसडीटी, डॉलरशी मूल्य बांधलेले. ट्रॉनसारख्या ब्लॉकचेन साखळीवरून ते पाठवले की मिनिटाभरात दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये पोहोचते आणि पाठवणाऱ्याला ते परत ओढता येत नाही. तिथे बँकेची शाखा नाही, व्यवस्थापक नाही, अर्ज नाही. रुपयांची गोष्ट उलटी आहे. यूपीआयने रुपये क्षणात येतात खरे, पण ते बँकांच्या वहीत राहतात, आणि त्या वहीतून मागे जाता येते. पैसे पाठवणाऱ्याने किंवा त्याच्याही आधीच्या कोणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फसवणुकीची तक्रार केली, तर ती रक्कम ज्या ज्या खात्यांतून पुढे गेली त्या खात्यांवर अटकाव लावण्याची यंत्रणा २०२१ पासून देशभर उभी आहे. ही यंत्रणा गरजेची आहे. तिच्यामुळे अनेकांचा गेलेला पैसा वाटेतच अडवता आला आहे. पण तिचा अर्थ असा की सौद्याची एक बाजू मिनिटात कायमची बंद होते आणि दुसरी कित्येक दिवस, कधी कित्येक महिने उघडी राहते. भामटा नेमका या दोन काळांमधल्या फटीत उभा असतो.

फसवणुकीचा सर्वांत पक्का प्रकार तीन माणसांचा आहे, आणि तो समजला की बाकीचे आपोआप कळतात. समजा, एकाला ५०० यूएसडीटी विकायचे आहेत आणि ९० रुपयांच्या दराने त्याला ४५,००० रुपये हवे आहेत. भामटा त्याच्याकडे खरेदीदार म्हणून जातो, भाव मान्य करतो आणि खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी घेतो. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर त्याने नवाकोरा फोन स्वस्तात विकायची जाहिरात टाकलेली असते. तिथे भुललेल्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, ‘४५,००० या खात्यावर टाका, फोन आजच कुरिअर करतो.’ खाते अर्थातच यूएसडीटी विकणाऱ्याचे. गिऱ्हाईक पैसे भरते आणि विक्रेत्याच्या खात्यात अगदी खरे ४५,००० रुपये जमा होतात. त्यात बनावट स्क्रीनशॉट नाही की खोटा संदेश नाही. विक्रेता समाधानाने यूएसडीटी सोडतो. दोन दिवसांनी फोन न मिळालेला माणूस पोलिसांत जातो. त्याच्या पावतीवर नाव असते ते यूएसडीटी विकणाऱ्याचे. भामट्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते, कारण रुपयांच्या साखळीत तो कधी आलेलाच नसतो. त्याने एकाची भूक आणि दुसऱ्याचा माल एकमेकांसमोर आणून ठेवला आणि स्वतः नाणे घेऊन बाजूला झाला. फोनच्या जागी कधी घरबसल्या कामाची ‘नोंदणी फी’ असते, कधी शेअर बाजारातल्या खोट्या ॲपची गुंतवणूक, कधी ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने एखाद्या वृद्धाकडून उकळलेली रक्कम. सायबर गुन्ह्यांतला पैसा देशाबाहेर नेण्यासाठी यूएसडीटी वापरला जातो, हे पोलिसांच्या आणि ईडीच्या तपासांत पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. तो यूएसडीटी कुणीतरी रुपये घेऊन विकलेला असतोच, आणि विकणारा अनेकदा चार पैसे चांगला भाव मिळावा एवढीच इच्छा असलेला सामान्य माणूस असतो.

इथे कोणीही म्हणेल: मी माझा माल विकला, मला चोरीची कल्पना नव्हती, मग माझे खाते का गोठवावे? प्रश्न न्याय्य आहे. पण खाते गोठवणे ही शिक्षा नसते. तपास चालू असताना वादातली रक्कम हलू नये म्हणून केलेला तो अटकाव आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते, आणि बँकेतली शिल्लक हीही मालमत्ताच. निर्दोष असल्याचे दाखवायची संधी नंतर मिळते, आधी नाही. शिवाय तक्रार ज्या राज्यात नोंदली जाते तिथले पोलिस ठाणे तपास करते. फोनला फसलेला माणूस हैदराबादचा असेल तर सोलापूरच्या विक्रेत्याला उत्तरे हैदराबादला द्यावी लागतात. सगळे खाते बंद न करता वादातल्या रकमेपुरताच अटकाव ठेवावा, असे उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रकरणांत म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. तरी प्रत्यक्षात ४५,००० च्या तक्रारीसाठी पगाराचे अख्खे खाते अडकल्याचे प्रकार घडतात, आणि घराचा हप्ता, मुलांची फी, औषधे सगळे त्या एका खात्यावर असेल तर निर्दोष माणसाचेच सर्वांत जास्त हाल होतात. म्हणूनच हा विषय सौद्याच्या आधी समजून घेण्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो: मोठ्या प्लॅटफॉर्मवर एस्क्रो असतो, मग भीती कशाची? एस्क्रो म्हणजे विक्रेत्याचे नाणे सौदा पुरा होईपर्यंत प्लॅटफॉर्मने अडकवून ठेवणे. ही सोय खरी आहे आणि ती खरेदीदाराला चांगले संरक्षण देते, कारण पैसे घेऊन विक्रेत्याला पळता येत नाही. विक्रेत्याला मात्र तिचा उपयोग अर्धाच आहे. रुपये प्लॅटफॉर्मच्या हातातून जात नाहीत; ते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. रुपये कोणाच्या खात्यातून निघाले, त्यामागे कोणाची फसवणूक आहे, हे एस्क्रोला दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की विक्रेत्याने ‘पैसे मिळाले’ हे बटण दाबले, आणि ते दाबले की प्लॅटफॉर्मचे काम संपते. म्हणून सौदा प्लॅटफॉर्मबाहेर टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर न्यायला सांगणाऱ्याला नकार द्यावाच, कारण तिथे एस्क्रोही नाही आणि संभाषणाची विश्वासार्ह नोंदही नाही. पण प्लॅटफॉर्मवर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असेही समजू नये.

मग विक्रेत्याने नेमके काय करावे? पहिली गोष्ट, पैसे देणाऱ्याचे नाव आणि प्लॅटफॉर्मवर केवायसी झालेले खरेदीदाराचे नाव एकच असल्याशिवाय नाणे सोडू नये. हे नाव पेमेंट ॲपच्या पडद्यावर बघून भागत नाही. बँकेचे ॲप उघडून स्टेटमेंटमधल्या नोंदीत पाहावे, तिथेच बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही जुळवावा. ‘माझी मर्यादा संपली, भावाच्या खात्यातून पाठवतो’, ‘कंपनीच्या खात्यातून येतील’, ‘बायकोचे जीपे आहे’ ही कारणे खरीही असू शकतात, पण खरी-खोटी ठरवायचे साधन तुमच्याकडे नाही. तिसऱ्याच्या खात्यातून पैसे आले तर ते ठेवून घेऊ नयेत आणि नाणेही सोडू नये. प्लॅटफॉर्मवर अपील करावे आणि रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यावर परत पाठवावी. ‘चुकून आले, आता या दुसऱ्या नंबरवर परत टाका’ या विनंतीला कधीही मान देऊ नये. दुसऱ्याच खात्यावर परतफेड केली की मूळ पैसेवाल्याच्या दृष्टीने पैसे खाणारे तुम्हीच ठरता. अशा वेळी बँकेला लेखी कळवून परतफेड करणे सर्वांत चांगले.

नाव जुळले म्हणजे सगळे झाले, असे मात्र सांगता येणार नाही. टक्केवारीच्या आमिषाने बँक खाती भाड्याने देणारे लोक गावोगाव सापडतात. अशा खात्याबरोबर त्याच माणसाच्या नावाने प्लॅटफॉर्मवरची केवायसीही करून घेतलेली असते, आणि तिथे नाव अगदी बरोबर जुळते. पैसाही चार-पाच खात्यांतून फिरून आलेला असू शकतो. नाव जुळवण्याने तीन माणसांचा तो डाव बहुतेक वेळा मोडतो, भाड्याच्या खात्याचा मोडत नाही. त्यासाठी दुसरी पाखडणी हवी. समोरच्याचे खाते किती जुने आहे, त्याने किती सौदे पुरे केले आहेत, सहसा एवढ्याच रकमांचे व्यवहार करतो की अचानक मोठी खरेदी करतो आहे, हे पाहावे. आणि सर्वांत आधी भाव पाहावा. सगळा बाजार नव्वदला विकत असताना कोणी पंचाण्णव देऊ करत असेल तर ते का, याचा विचार करावा. स्वतःच्या कष्टाचा पैसा असलेला माणूस एका यूएसडीटीमागे पाच रुपये सहज सोडत नाही. ज्याला लुटीचा पैसा तक्रार होण्याच्या आत नाण्यात बदलायचा आहे, त्याला ते पाच रुपये वेळेची किंमत म्हणून परवडतात. चढा भाव आणि घाई एकत्र आली की तिथून उठावे, हा माझ्या मते या बाजारातला सर्वांत भरवशाचा इशारा आहे. एवढे करूनही धोका उरतोच, म्हणून पीटूपीसाठी वेगळे बँक खाते ठेवावे आणि पगार, बचत, कर्जाचे हप्ते त्यापासून पूर्ण लांब ठेवावेत. त्याने अटकाव टळत नाही, पण आला तर चूल बंद पडत नाही.

बाकीच्या युक्त्या जुन्या आहेत आणि त्यांवर थोडक्यात सांगून भागते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो. तो पुरावा नाहीच. बँकेच्या नावाचा जमा-संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला असेल तर तो बनावट समजावा, आणि कुठूनही आला तरी शिल्लक स्वतः तपासावी. ‘पैसे एस्क्रोमध्ये अडकले आहेत, नाणे सोडलेत की सुटतील’ असा प्लॅटफॉर्मच्या मदत केंद्राच्या नावाने आलेला मेल हा समोरच्यानेच पाठवलेला असतो. आणि यूपीआयची एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, पुन्हा पुन्हा सांगायला हवी: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोडही कधी स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढला, पलीकडच्याने स्वतःला लष्करातला जवान म्हणवत ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला, तर पैसे जाणार आहेत. व्यक्ती-व्यक्तींमधली कलेक्ट मागणी, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागणारी विनंती, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. कोड आणि पिनची वाट अजून उघडीच आहे.

ऑनलाइन बाजारातल्या खरेदीदारासाठी हिशेब उलटा होतो, कारण इथे आधी हात सोडणारा तोच असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकामुळे अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित झाली, पण तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेला पैसा त्या अर्थाने अनधिकृत ठरत नाही. बँक म्हणेल, तुम्हीच दिलात. म्हणून वस्तू पाहून, चालवून, हातात घेऊन मगच पैसे द्यावेत. लांबच्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढीच द्यावी. आणि फोन एकाकडून घेताना पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यावर टाकायला सांगितले जात असतील, तर वरचा तीन माणसांचा डाव आठवावा: त्या खात्याचा मालक बहुधा तुमच्यासारखाच कोणीतरी, दुसऱ्या टोकाला फसत असलेला माणूस असतो.

क्रिप्टो विकत घेणाऱ्यालाही दोन ठिकाणी जपावे लागते. एस्क्रोशिवाय थेट वॉलेटवर नाणे घेताना ‘यूएसडीटी’ नावाचे, तसेच चिन्ह असलेले, पण कवडीमोल टोकन पाठवले जाते. नाव कोणीही ठेवू शकतो, खरे नाणे ओळखायचे ते कॉन्ट्रॅक्ट पत्त्यावरून, आणि तो नाणे काढणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरून जुळवावा. दुसरे, ‘तुमचे वॉलेट स्वच्छ आहे का ते या लिंकवर तपासून दाखवा’ असे सांगून वॉलेट जोडायला लावतात आणि एका मंजुरीत सगळे नाणे काढून घेण्याचा अधिकार मिळवतात. तपासणीला मंजुरीची सही लागत नसते. आणखी एक बारीक गोष्ट: पैसे पाठवताना शेऱ्यात ‘उसने परत’ किंवा ‘फोन खरेदी’ असे खोटे कारण लिहायला कोणी सांगितले तर लिहू नये. पुढे चौकशी झाली तर तो शेरा तुमच्याच विरुद्ध बोलतो. रकाना रिकामा सोडावा.

एवढ्या अटी घातल्या तर गिऱ्हाईक कोण उरेल, असे नेमाने विक्री करणारे म्हणतात. काही गिऱ्हाइके जातील, हे खरे आहे. पण नाव जुळवण्याला आक्षेप घेऊन जो जातो, तो थांबला असता तर काय घेऊन आला असता याचा हिशेब धरला तर नुकसान फारसे उरत नाही. काही जण म्हणतात, मग नोटाच घेऊ. रोखीत उलटून येणारी तक्रार नाही हे मान्य. मात्र एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे, बनावट नोटांचा धोका आहे, आणि मोठी रोकड घेऊन अनोळखी माणसाला भेटणे हा जिवाचाही प्रश्न आहे. आणखी एक सूचना सर्वांत साधी: पीटूपी करूच नये, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी झालेल्या एक्स्चेंजवरच विकावे. थोड्या रकमेच्या, अधूनमधून विकणाऱ्या माणसाला मी हाच सल्ला देईन. पीटूपीची सवय आपल्याकडे पडली त्याला कारण होते: ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायांची सेवा बंद करायला लावली आणि लोकांनी एकमेकांत सौदे सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले, ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. ती अडचण आज राहिलेली नाही. उरला आहे तो चार-दोन रुपयांचा भाव आणि कर चुकवण्याचा मोह. करही पीटूपीत चुकत नाही: १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएस लागू आहे, आणि मध्ये एक्स्चेंज नसेल तर तो कापायची जबाबदारी खरेदीदाराची असते. दुसऱ्यांच्या वतीने, व्यवसाय म्हणून रोज नाणी फिरवणाऱ्यांवर त्याहून मोठ्या कायदेशीर जबाबदाऱ्या येतात. त्यांनी सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्याशिवाय एक दिवसही पुढे जाऊ नये.

सगळी काळजी घेऊनही फसगत झाली तर वेळ हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पहिल्या दोन-तीन खात्यांत असेपर्यंतच ती अडवणे सोपे असते. उलट तुमचेच खाते गोठले असेल तर शाखेत भांडून उपयोग नाही, कारण आदेश बँकेचा नसतो. बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक, राज्य, पोलिस ठाणे आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागावी. मग तपास अधिकाऱ्याला मेलने एकाच वेळी सगळे पाठवावे: सौद्याचा क्रमांक, प्लॅटफॉर्मवरचे पूर्ण संभाषण, समोरच्याचे केवायसीतले नाव, यूटीआर असलेले स्टेटमेंट, नाणे कोणत्या पत्त्यावर कधी गेले त्याचा साखळीवरचा व्यवहार क्रमांक, आणि अटकाव वादातल्या रकमेपुरताच ठेवावा अशी स्पष्ट विनंती. उत्तर आले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागेल. खाते मोकळे करून देतो म्हणून ‘फी’ मागणारा मध्यस्थ मात्र टाळावा. अडचणीत सापडलेल्यांना पुन्हा लुटणारी ती वेगळीच टोळी असते. आणि हे सगळे कागद सौद्याच्या दिवशीच जपून ठेवलेले असतील तरच हाती लागतात. काही प्लॅटफॉर्मवर जुने संभाषण काही काळाने दिसेनासे होते, आणि तक्रार तर सौद्यानंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकते.